अहवालातलं इंग्रजी आणि पत्रातलं मराठी

वाचकाचं पत्र:

'माझं वय चौतीस. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. पुढे विज्ञानाची पदवी घेतली आणि आता एका प्रयोगशाळेत काम करते. इंग्रजी वाचलेलं समजतं, बोलतानाही निभावून नेते, पण लिहायला बसलं की हात थांबतो. गेल्या महिन्यात माझा अहवाल साहेबांनी परत पाठवला. म्हणाले, व्याकरणाच्या चुका फारशा नाहीत, पण तुम्हाला काय म्हणायचंय तेच कळत नाही. तेव्हापासून रोज दहा अवघड शब्द पाठ करते आहे. वहीत चारशेच्या वर शब्द झाले, लिखाणात फरक शून्य. हल्ली मजकूर एआयकडून लिहून घेते. तो छान दिसतो, पण माझा वाटत नाही, आणि कुणी त्यातल्या एखाद्या वाक्यावर प्रश्न विचारला की गोंधळते. शाळेत मराठी निबंधात माझा पहिला नंबर ठरलेला असे. सगळे सांगतात, मराठीतून विचार करणं सोड, त्याशिवाय इंग्रजी येणार नाही. ते कसं सोडायचं? आणि या वयात जमेल का? सोबत अहवालाचे दोन परिच्छेद जोडते आहे. (मशीन तीन दिवस बंद पडलं म्हणून आम्हाला उशीर झाला, एवढंच खरं तर सांगायचं होतं.)'

ताई,

तुमचं पत्र वाचलं, मग अहवाल वाचला, आणि पुन्हा पत्राकडे आले. त्यातल्या शेवटच्या, कंसातल्या वाक्यापाशी थांबले. तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर तुम्ही स्वतःच तिथे लिहून ठेवलं आहे.

तुमच्या अहवालातलं पहिलं वाक्य असं आहे: 'इट इज टु बी नोटेड दॅट द टेस्टिंग ऑफ द सॅम्पल्स वॉज कॅरीड आउट, बट ड्यू टु नॉन-अव्हेलेबिलिटी ऑफ द मशीन, द कम्प्लीशन ऑफ द सेम गॉट डिलेड.' साहेब म्हणाले ते खरं आहे, व्याकरणाची मोठी चूक इथे नाही. पण हे वाक्य वाचून मला कळत नाही की नमुने कुणी तपासले, मशीनला काय झालं होतं, ते किती दिवस मिळालं नाही. उलट कंसातल्या एका ओळीत तुम्ही मला सगळं सांगितलंत: मशीन, तीन दिवस, बंद पडलं, उशीर. इंग्रजीत जाताना 'तीन दिवस' गळून पडले. 'थ्री डेज' हे शब्द तर तुम्हाला शाळेपासून येतात. म्हणजे अडलं ते शब्दांवाचून नव्हे.

कंसातलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत ठेवून बघा: 'वी टेस्टेड ऑल द सॅम्पल्स. द मशीन वॉज डाउन फॉर थ्री डेज, सो वी फिनिश्ड लेट.' यात त्या चारशे शब्दांतला बहुधा एकही नसेल. शेवटच्या 'लेट'च्या जागी नेमके किती दिवस उशीर झाला ते घातलंत तर साहेबांना विचारायला काही उरणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. मराठीतून विचार करणं सोडू का, असं तुम्ही विचारलंत. अहवाल लिहिताना तुम्ही मराठीतूनच विचार करत होतात यात मला शंका नाही, पण ती मराठी कुठली? ऐका: 'नोंद घेण्यात यावी की नमुन्यांची तपासणी करण्यात आली, परंतु यंत्राच्या अनुपलब्धतेमुळे सदर काम पूर्ण होण्यास विलंब झाला.' शब्दाला शब्द जुळतो. तुमचा 'द सेम' म्हणजे हा 'सदर'च. ही परिपत्रकाची मराठी आहे. त्या मराठीत कुणीही काहीही करत नाही, सगळं 'करण्यात येतं'. तुम्ही घरी बहिणीशी अशी बोलत नाही, मलाही अशी लिहिली नाहीत. सोडायची असेल तर ही मराठी सोडा. ज्या मराठीत तुम्ही मला पत्र लिहिलंत, ती मात्र घट्ट धरून ठेवा, कारण चांगल्या इंग्रजी गद्याला ती फार जवळची आहे.

हे मलाही उशिरा उमगलं. पहिल्या नोकरीत मी मजकूर तपासून घ्यायला दिला, तर पान परत आलं तेव्हा समासात जागोजागी एकच शब्द होता: 'हू?' मी लिहिलं होतं, 'इट वॉज डिसायडेड', शेजारी 'हू?'. 'कन्सर्न्स वेअर रेझ्ड', शेजारी 'हू?'. मला फार लागलं होतं. पण त्या प्रश्नांची उत्तरं वाक्यात भरत गेले तसतशी वाक्यं उभी राहिली, आणि दोन ठिकाणी तर असं निघालं की निर्णय कुणी घेतला हे मलाच ठाऊक नव्हतं.

याचा अर्थ कर्मणी प्रयोग वाईट असा घेऊ नका. तुम्ही प्रयोगशाळेत आहात, तुम्हाला तो लागणारच. 'द सॅम्पल्स वेअर स्टोअर्ड ॲट फोर डिग्रीज' हे वाक्य अगदी योग्य आहे. नमुने फ्रिजमध्ये कुणाच्या हातानं गेले याच्याशी वाचकाला कर्तव्य नाही, तापमानाशी आहे. जिथे माणूस महत्त्वाचा आहे आणि वाक्यातून तो नाहीसा झाला आहे, तिथे मात्र त्याला परत आणा.

शब्दांच्या वहीबद्दल. ती बंद करा. कठोर वाटेल, पण मी मनापासून सांगते आहे. इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द का आहेत ते कळलं की अवघड शब्दांची भुरळ आपोआप उतरते. १०६६ साली फ्रान्समधून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची जवळजवळ तीन शतकं दरबार आणि कायद्याच्या कामात फ्रेंच राहिली, विद्वत्तेत आणि चर्चमध्ये लॅटिन. सामान्य माणूस आपली जुनी इंग्रजी बोलत राहिला. त्यामुळे 'बिगिन' लोकांचा आणि 'कमेन्स' दरबारी, 'बाय' लोकांचा आणि 'परचेस' दरबारी. 'हेल्प' आणि 'असिस्ट', 'आस्क' आणि 'इन्क्वायर', 'एंड' आणि 'टर्मिनेट' या जोड्याही तशाच. आपल्याला हे नवं नाही. 'सुरुवात' आणि 'प्रारंभ', 'मदत' आणि 'साहाय्य', 'पाणी' आणि 'जल' यांत काय फरक आहे हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, तरी 'मला थोडं जल द्या' असं तुमच्या तोंडून कधी येणार नाही. निबंधात पहिल्या येणाऱ्या मुलीला हा कान असतोच. इंग्रजीत लिहिताना तो कान तुम्ही बंद करून ठेवता आणि जो शब्द जास्त भारदस्त दिसेल तो उचलता. 'बिगिन' येत असताना 'कमेन्स' लिहिणं म्हणजे 'जल द्या' म्हणणं आहे.

मग शब्द शिकायचेच नाहीत का? शिकायचे, पण सुटे नाहीत. आपल्याकडे 'लागणे' हे क्रियापद घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नाद लागतो, निकाल लागतो, पत्ता लागतो, लग्न लागतं. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसानं 'लागणे म्हणजे काय' असं विचारलं तर एका शब्दात काय सांगाल? शब्द जोडीनं राहतात आणि जोडीनंच शिकावे लागतात. इंग्रजीत चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात, लक्ष 'पे' करतात. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो. यामागे तर्क शोधू नका, ऐकून-वाचून जोड्या उचला. तुमच्या चारशे शब्दांच्या वहीत प्रत्येक शब्द एकटा आहे. त्याच्या शेजारी कोण बसतो ते लिहिलेलं नाही, म्हणून तो वाक्यात यायला धजत नाही.

यासाठी एक शब्दकोश जवळ ठेवा, पण इंग्रजी-मराठी नको आणि इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेला मोठा कोशही नको. 'लर्नर्स डिक्शनरी' नावाचा प्रकार खास परक्या भाषेतून येणाऱ्यांसाठी असतो. त्यातला सर्वांत नावाजलेला कोश ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये शिकवत असताना तयार केला. तो आधी १९४२ साली टोकियोत छापला गेला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला, आणि आजची 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' त्याच घराण्यातली. जपानी विद्यार्थी कुठे अडतात हे समोर बघत तो घडला, म्हणून आपण जिथे अडतो ते सगळं त्यात सापडतं: हा शब्द मोजता येणारा आहे की नाही, या क्रियापदापुढे कुठलं शब्दयोगी अव्यय येतं, की येतच नाही. 'डिस्कस' उघडा. तिथल्या उदाहरणांत 'डिस्कस'पुढे थेट विषय येतो, मध्ये 'अबाउट' नसतो. आपण 'त्याबद्दल चर्चा केली' म्हणतो, त्यातलं 'बद्दल' आपल्या इंग्रजीत शिरतं. 'ॲडव्हाइस' उघडा, ते मोजता न येणारं म्हणून दाखवलेलं असतं. मराठीत सल्ले अनेक असतात, इंग्रजीत 'ॲडव्हाइसेस' होत नाहीत. गंमत म्हणजे 'माहिती'च्या बाबतीत आपण आणि इंग्रज एकाच बाजूला आहोत. 'माहित्या' आपणही म्हणत नाही, तरी 'इन्फर्मेशन्स' लिहून मोकळे होतो. आणि आपले केस पांढरे 'होतात', त्यांचा 'हेअर' एकवचनातच पांढरा होतो.

आता 'अ' आणि 'द'. तुमच्या दोन परिच्छेदांत मी मोजले, सात ठिकाणी चुकले आहेत. यावर जरा थांबते, कारण मराठी लिहिणाऱ्याला हे जन्मभर छळतं आणि शाळेत शिकवलेले नियम पुरत नाहीत. 'आपल्या भाषेत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ती कल्पनाच नाही' असं सांगितलं जातं, आणि ते मला पटत नाही. ही दोन वाक्यं बघा: 'पुस्तक टेबलावर आहे.' 'टेबलावर पुस्तक आहे.' पहिलं कधी म्हणाल? कुणी ठरावीक पुस्तक शोधत असेल तेव्हा. दुसरं? टेबलावर काय आहे असं विचारल्यावर. पहिलं झालं 'द बुक इज ऑन द टेबल', दुसरं 'देअर इज अ बुक ऑन द टेबल'. जो भेद इंग्रजी एका छोट्या शब्दानं दाखवते, तो आपण शब्दांच्या क्रमानं दाखवतो. कल्पना तुमच्याकडे आहे, फक्त ती दाखवायची जागा वेगळी आहे.

म्हणून प्रत्येक नामापाशी नियम आठवू नका, एक प्रश्न विचारा: मी कुठल्या वस्तूबद्दल बोलते आहे ते वाचकाला या क्षणी माहीत आहे का? माहीत असेल तर 'द'. माहीत नसेल आणि वस्तू एक असेल, मोजता येत असेल, तर 'अ'. तुमच्या अहवालात मशीनचा उल्लेख पहिल्यांदाच आला आणि तुम्ही 'द मशीन' लिहिलंत. प्रयोगशाळेत एकच मशीन असेल आणि साहेबांना ते ठाऊक असेल तर हे बरोबर. बाहेरच्या कुणासाठी अहवाल असेल तर वाचक विचारेल, कुठलं मशीन? तेच वाक्य, तेच नाम, वाचक बदलला की आर्टिकल बदलतं. हे कुठल्याही तक्त्यात बसत नाही. सुरुवातीला दहा नामांपाशी थांबून हा प्रश्न विचारायला पाच-सात मिनिटं लागतील. दोन-तीन महिन्यांत निम्म्या ठिकाणी विचारावाच लागणार नाही. काही जागा तरीही चुकतील. मोजकी आर्टिकलं चुकलेला स्पष्ट अहवाल सगळे वाचतात, त्यामुळे त्यापायी झोप घालवू नका.

दुसरी गोष्ट आपल्या 'च'ची. 'मीच सांगितलं', 'त्यालाच सांगितलं', 'आजच सांगितलं'. एक अक्षर हवं तिथे चिकटवलं की जोर त्या शब्दावर जातो. इंग्रजीत असं चिकटवता येत नाही, मग आपण 'आय ओन्ली टोल्ड हिम', 'टुडे इटसेल्फ' असं काहीतरी करतो. पण 'ओन्ली' म्हणजे 'फक्त', 'च' नव्हे, आणि वाचणारा भलताच अर्थ घेतो. इंग्रजी गद्यात जोर मिळतो तो मुख्यतः जागेवरून, आणि सर्वांत वजनदार जागा वाक्याचा शेवट. 'द मेथड इज सेफ, बट इट इज स्लो' वाचून माणूस ती पद्धत बाजूला ठेवेल. 'द मेथड इज स्लो, बट इट इज सेफ' वाचून वापरायला घेईल. हेही तुम्हाला मराठीत येतं. 'मुलगा हुशार आहे, पण आळशी आहे' आणि 'मुलगा आळशी आहे, पण हुशार आहे' यांतलं कुठलं वाक्य आईला ऐकायला आवडेल ते सांगायला नको. लिहून झालं की प्रत्येक वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द तेवढे वाचा. तिथे 'इन दिस रिगार्ड', 'अँड सो ऑन', 'ॲज पर अबव्ह' असलं काही बसलेलं असेल तर वाक्यातली सगळ्यात मोलाची जागा तुम्ही फुकट घालवलीत.

शेवटाचं सांगितलं तसं सुरुवातीचंही आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपला वाचक त्याची वाट बघायला सरावलेला असतो. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये आपण खुशाल अख्खी वरात घालतो. इंग्रजी वाचकाला कर्त्यामागोमाग क्रियापद हवं असतं, ते मिळेपर्यंत तो श्वास रोखून असतो. तुमच्या अहवालात एके ठिकाणी 'द डिसिजन' आणि 'वॉज टेकन' यांच्यामध्ये एकोणीस शब्द आहेत. 'वी डिसायडेड' एवढ्यानं वाक्य सुरू करा, ते एकोणीस शब्द मागून सावकाश येऊ देत. 'डिसिजन', 'कम्प्लीशन', 'अव्हेलेबिलिटी' अशा नामांत क्रियापदं कोंडलेली असतात, ती मोकळी केली की निम्मं काम होतं.

स्वल्पविरामाचं थोडक्यात. विरामचिन्हं मराठीत इंग्रजीच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात आली, मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकारानं ती रुजवली. पण आपण ती सैल हातानं वापरतो. 'पाऊस आला, आम्ही परतलो' हे मराठीत खपतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडणं चूक धरतात; पूर्णविराम द्या, नाहीतर मध्ये 'सो', 'अँड', 'बट' घाला. तुमच्याकडे हे चार वेळा झालं आहे. स्पेलिंगची काळजी करू नका, ती यंत्रं बघतात. 'त्यांचा' अर्थाचा 'देअर' आणि 'तिथे' अर्थाचा 'देअर' यांची अदलाबदल मात्र यंत्राच्या नजरेतून निसटू शकते, तिथे तुम्ही बघा. 'कलर'मध्ये 'यू' घालायचा की नाही हा ब्रिटिश-अमेरिकी वाद आहे. नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या कोशानं अमेरिकी रूपं पक्की केली. ऑफिसात जी चालत असतील ती धरा आणि एका अहवालात मिसळू नका.

एवढं सगळं कळून हात बसत नाही. हातासाठी सराव लागतो, आणि तुमच्यासाठी योग्य सराव साडेचारशे वर्षांपूर्वीचा आहे. रॉजर ॲस्कम हे राणी पहिली एलिझाबेथ हिचे लहानपणीचे शिक्षक. त्यांचं शिक्षणावरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये छापलं गेलं. लॅटिन शिकवण्यासाठी त्यांनी दुहेरी भाषांतराची रीत सांगितली: मूळ लॅटिन उतारा विद्यार्थ्यानं आपल्या इंग्रजीत आणायचा, निदान तासभर जाऊ द्यायचा, मग मूळ झाकून आपल्या इंग्रजीवरून पुन्हा लॅटिनमध्ये लिहायचा, आणि मग मुळाशेजारी ठेवून ताडून बघायचा. बघा, मातृभाषा सोडायला त्यांनी सांगितलं नाही, तिलाच पूल केलं.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन यांची युक्ती. किशोरवयात ते भावाच्या छापखान्यात काम करत. वडिलांनी त्यांचं लिखाण वाचून सांगितलं की स्पेलिंग आणि विरामचिन्हं चोख आहेत, पण मांडणी आणि स्पष्टता कमी पडते. तुमच्या साहेबांनी जे सांगितलं, जवळजवळ तेच. फ्रँकलिन यांनी त्या काळच्या एका नामांकित नियतकालिकातले निबंध घेतले, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपला, काही दिवस जाऊ दिले, मग टिपणावरून निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडून बघितला. कधी ती टिपणं मुद्दाम उलटसुलट करून काही आठवड्यांनी पुन्हा क्रमानं लावली, म्हणजे विचारांची मांडणी कशी होते ते कळावं.

तुम्ही दोन्ही एकत्र करा. तुमच्याच क्षेत्रातला, तुम्हाला जसा लिहायचा आहे तसा एक चांगला अहवाल शोधा. त्यातला शंभर-दीडशे शब्दांचा एक परिच्छेद घ्या. तो साध्या, बोलत्या मराठीत उतरवा. मुळातलं एखादं वाक्य मराठीत सरळ येत नसेल तर त्याचे दोन तुकडे करा. तीन दिवसांनी मूळ न बघता मराठीवरून इंग्रजी लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवून लाल पेन घ्या आणि प्रत्येक फरकाशी थांबा. काही ठिकाणी तुमचंच वाक्य बरं निघेल, तेही खूण करून ठेवा. आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास पुरे. कादंबरीतला उतारा सध्या घेऊ नका. कादंबऱ्या जरूर वाचा, त्यांनी कान तयार होतो, पण अहवाल लिहायचा तर अहवालांतूनच शिकावं लागतं.

त्या शब्दवहीची उरलेली पानं चुकांसाठी वापरा. तुमच्या स्वतःच्या चुका, तारीख घालून. माझा अंदाज आहे की महिनाभरात तुम्हाला दिसेल, चुका शंभर प्रकारच्या नाहीत, सहा-सातच आहेत आणि त्याच परत परत येतात. मग एका वेळी एकच धरा. या पंधरवड्यात फक्त आर्टिकल, बाकी सगळं चुकलं तरी चुकू दे.

एआयबद्दल तुम्हाला अपराधी वाटतं आहे. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, पण तुमची अस्वस्थता मात्र बरोबर जागेवर बोट ठेवते. कुणी प्रश्न विचारला की तुम्ही गोंधळता, कारण वाक्य लिहिताना जे ठरवावं लागतं ते तुम्ही ठरवलेलंच नसतं. मशीन तीन दिवस बंद होतं हे त्या यंत्राला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते गुळगुळीत शब्दांनी ती जागा बुजवून टाकेल, आणि वाचताना तुमच्याही लक्षात येणार नाही की काहीतरी गहाळ झालं. त्याला लिहायला लावू नका, वाचायला लावा. आधी स्वतः लिहा, वाकडंतिकडं का होईना. मग त्याला सांगा: पुन्हा लिहू नकोस; कुठली वाक्यं समजायला अवघड गेली आणि का, एवढंच सांग. दुरुस्ती तुम्ही करा. आणि तुमचं वाक्य काय होतं, ते कसं झालं, हे वहीत उतरवा. वीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर तपासताना मी हेच पाहिलं आहे की जी दुरुस्ती माणूस स्वतःच्या हातानं करतो तीच पुढच्या पानावर टिकते. मी नीट करून दिलेली वाक्यं लोक आभार मानून घेऊन जात, आणि पुढच्या महिन्यात तीच चूक घेऊन परत येत.

एक माणूस वाचक म्हणूनही हवा. इंग्रजीचा जाणकार नसला तरी चालेल. त्याला एकदाच वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा, 'यात काय सांगितलं आहे?' त्याच्या उत्तरात तीन दिवस आले तर अहवाल जमला. आले नाहीत तर वाक्यं कितीही देखणी असोत, पुन्हा लिहा.

वयाचं म्हणाल तर कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड आठवा. जन्म १८५७ चा, मातृभाषा पोलिश, दुसरी भाषा फ्रेंच. इंग्रजी त्यांच्या कानावर पडू लागली ती विशी गाठताना, जहाजावर. पहिली इंग्रजी कादंबरी १८९५ मध्ये आली तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. बोलण्यातला पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही, आणि इंग्रजीतल्या थोर गद्यकारांत त्यांची गणना होते. तुम्हाला कादंबरी लिहायची नाही, अहवाल लिहायचा आहे, आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहात.

तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाला मी हात लावलेला नाही. त्यात 'द सेम' तीनदा आहे आणि 'इट वॉज ऑब्झर्व्हड' दोनदा. आधी तो परिच्छेद मला मराठीत सांगा, पत्रात सांगितलंत तसा, काही नमुने पुन्हा का तपासावे लागले ते. मग त्यावरून इंग्रजी लिहा आणि दोन्ही कागद सोबत पाठवा. मी वाट बघते आहे.